रॅमचा स्लॉट काढून टाकणाऱ्या साहेबांस खुले पत्र

साहेब,

सप्रेम नमस्कार लिहावा इतकं प्रेम उरलेलं नाही, म्हणून थेट बोलतो.

तुमचं नाव मला ठाऊक नाही. तुम्ही कुठल्या शहरात, कितव्या मजल्यावर बसता तेही ठाऊक नाही. पण तुमच्या हातचं काम मी वर्षानुवर्षं बघतो आहे. ३५-४० हजारांच्या लॅपटॉपमध्ये काय घालायचं आणि काय गाळायचं, हे तुम्ही ठरवता. खोक्यावर कोणते शब्द ठळक छापायचे आणि कोणते छापायचेच नाहीत, हेही तुम्हीच ठरवता. पहिल्या निर्णयाबद्दल मी तुम्हाला बरंचसं माफ करीन. एवढ्या पैशांत सगळं येत नाही, हे गिऱ्हाइकालाही कळतं. दुसऱ्या निर्णयाला मात्र माफी नाही, आणि हे पत्र त्यासाठीच आहे.

मी बार्शीत संगणक शिकवतो. दिवसा येणारी मुलं परीक्षेसाठी येतात. रात्री येणारी माणसं वेगळी. कुणी दिवसभर कापडाच्या दुकानात मीटर मोजत उभा असतो, कुणी एसटीच्या डेपोत कामाला आहे, एक ताई अंगणवाडी सेविका आहेत आणि त्यांना बचत गटाच्या पापड-कुरडयांच्या ऑर्डरी फोनवर लिहून ठेवायच्या आहेत. ही माणसं अ‍ॅप लिहितात. कुणी सांगितलेलं नाही, कुणी पगार देत नाही. डोक्यात एक गोष्ट आलेली असते आणि ती फोनवर चालताना बघायची असते, एवढंच. अशा माणसाला लॅपटॉप कंपनी देत नाही. भिशी लागते, बोनस येतो, नाहीतर पोस्टातली ठेव मोडते, तेव्हा तो येतो. घरात पुन्हा लॅपटॉपसाठी पैसे निघायला पाच-सात वर्षं जातात. तुम्ही ज्या वर्गासाठी माल काढता त्यातला हा माणूस आहे, साहेब, आणि त्याला तुम्ही कधी भेटलेला नाहीत, हे तुमच्या मालावरून दिसतं.

रात्री येणाऱ्यांतला एक बाजार समितीतल्या अडत दुकानात हिशेब लिहितो. शेतकऱ्याचा माल विकला गेला की त्याला हिशेबपट्टी मिळते. वजन, भाव, हमाली, तोलाई, घेतलेली उचल, आणि सगळं वजा जाता हातात येणारी रक्कम. कागदाची ती पट्टी खिशात भिजते, हरवते, आणि पुढल्या खेपेला उचलीवरून वाद होतो. या मुलाला ती पट्टी शेतकऱ्याच्या फोनवर, मोठ्या मराठी अक्षरांत, नेट नसतानाही उघडेल असं अ‍ॅप करायचं होतं. उसन्या संगणकावर तो त्यासाठी लागणारी कोटलिन ही भाषा शिकला. भिशी लागली तसा त्यानं तुमचा लॅपटॉप घेतला. दुकानात त्यानं नेमका तोच प्रश्न विचारला जो विचारायला हवा होता: "पुढं रॅम वाढवता येईल ना?" "येईल की," असं उत्तर आलं. तो दुकानदार खोटारडा नाही. रॅम वाढत नाही असं खोक्यावर कुठंच लिहिलेलं नव्हतं, आणि खोक्यावर जेवढं आहे त्यापलीकडे तुम्ही त्याला काही शिकवलेलं नाही.

पुढे तळाचं झाकण उघडलं तेव्हा आत स्लॉटच नव्हता. ८ जीबीच्या चिपा मदरबोर्डवर सोल्डर केलेल्या. वाढ नाही, बदल नाही, आणि त्यातली एक चिप बिघडली तर अख्खा बोर्ड बदलायचा.

तुम्ही म्हणाल, ८ जीबी पुरते. बिलं लिहिणाऱ्याला पुरते, ऑनलाइन वर्ग बघणाऱ्याला पुरते. अ‍ॅप तपासणाऱ्याला पुरत नाही, आणि हे माझं एकट्याचं मत नाही. हे काम ज्यात करतात त्या अँड्रॉइड स्टुडिओसाठी गूगलनं जी किमान गरज जाहीर केली आहे, तीत नुसत्या स्टुडिओला ८ जीबी आणि एम्युलेटर चालवायचा तर १६ जीबी असं लिहिलं आहे. शिफारस ३२ ची आहे. असं का, तेही सांगतो. एम्युलेटर म्हणजे लॅपटॉपच्या पोटात चालणारा अख्खा फोन. त्या फोनला स्वतःची रॅम लागते, साधारण दोन जीबी, आणि तो चालवणाऱ्या यंत्रणेला वेगळी. कोड बांधणारं ग्रेडल हे साधन कामाला बसतं तेव्हा नव्या प्रकल्पात त्यालाही दोन जीबीपर्यंत मुभा दिलेली असते. स्टुडिओ स्वतः दीड-दोन जीबी घेतो. विंडोज ११ काही न करता तीनेक जीबी धरून बसतं. अडलं की वाचायला ब्राउझर उघडावाच लागतो. स्वस्त लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स कार्ड वेगळं नसतं, म्हणून पडद्याचा वाटाही याच आठातून जातो. बेरीज तुम्हीच करा. जे मावत नाही ते विंडोज डिस्कवर लिहायला लागतं, परत वाचायला लागतं, आणि बटण दाबल्यापासून अ‍ॅप पडद्यावर येईपर्यंत इतका वेळ जातो की आपण काय तपासत होतो याचाच धागा तुटतो. रात्री नऊला दुकान बंद करून आलेल्या माणसाकडे दीड तास असतो. त्यातला अर्धा तुम्ही खाता. त्याच्या पैशांबरोबर तुम्ही त्याची रात्रही घेतलीत, हे तुमच्या किमतीच्या तक्त्यात कुठल्या रकान्यात लिहिलं आहे?

तुमच्या बाजूनं एक बळकट मुद्दा आहे आणि तो मी टाळत नाही. एम्युलेटर कशाला हवा, स्वतःचा फोन जोडा. बरोबर आहे. माझ्या वर्गात पहिला धडा तोच असतो. फोनच्या सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर पर्याय खुले होतात, यूएसबी डीबगिंग सुरू करायचं आणि केबल लावायची. अँड्रॉइड ११ पासून हे वायफायवरूनही होतं. खरा फोन जे दाखवतो ते एम्युलेटर कधीच दाखवत नाही: फोन तापतो का, बॅटरी किती उतरते, दोन जीबी रॅमच्या जुन्या फोनवर यादी सरकवताना पडदा अडखळतो का, बाजार समितीच्या आवारात भर उन्हात अक्षरं वाचता येतात का. मराठी अ‍ॅपला तर खरा फोन हवाच. ओळीची उंची कमी धरली की 'खर्च' मधला रफार वरून कापला जातो, 'एकूण' मधला ऊकार खालून. इंग्रजी अक्षरांवर जुळवलेल्या चौकटीत हे हमखास घडतं, आणि प्रत्येक कंपनीच्या फोनवर वेगळं दिसतं. हा मुलगा हमालांचे, गाडीवाल्यांचे, मालकाचे फोन मागून घेऊन अ‍ॅप तपासत होता. त्यासाठी त्याला तुमच्या लॅपटॉपची फार गरज पडली नाही.

पण फोन जोडून सगळं भागत नाही. त्याचा स्वतःचा फोन अँड्रॉइड ११ चा. ३१ ऑगस्ट २०२५ पासून गूगल प्लेवर येणाऱ्या नव्या अ‍ॅपनं किमान अँड्रॉइड १५ हे लक्ष्य धरलेलं असावं, अशी अट आहे. ते लक्ष्य धरलं की अँड्रॉइड १५ च्या फोनवर अ‍ॅप पडद्याच्या कडेपासून कडेपर्यंत पसरतं, वरच्या घड्याळाच्या पट्टीखाली आणि तळाच्या नॅव्हिगेशन पट्टीखालीही जातं. त्याची सोय कोडमध्ये केली नाही तर तळाशी असलेलं बटण झाकलं जातं. जुन्या फोनवर यातलं काही दिसत नाही. मालकाच्या नव्या फोनवर 'पट्टी जतन करा' हे बटण अर्धं बुडालं, आणि ते सर्वांदेखत कळलं. एम्युलेटरवर अँड्रॉइड १५ चा फोन उभा केला असता तर हे दहा मिनिटांत सापडलं असतं. छोटा पडदा, मोठा पडदा, टॅब्लेट, जुनी आवृत्ती, नवी आवृत्ती, फोनमधली अक्षरं मोठी केलेला वयस्कर वापरणारा, हे सगळे फोन कुठला छंदी माणूस विकत घेणार? त्यांच्या जागी एम्युलेटर असतो. आणि नेमका तोच तुमच्या आठ जीबीवर उभा राहत नाही.

गूगलचीही कसोटी पुढे आहेच. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेल्या वैयक्तिक खात्याला अ‍ॅप सर्वांसाठी खुलं करण्याआधी बारा माणसांकडून सलग चौदा दिवस बंद चाचणी, म्हणजे फक्त निवडक लोकांपुरती चाचणी, करून घ्यावी लागते. आधी ही संख्या वीस होती. बारा माणसं गोळा करणं या मुलाला जड गेलं नाही, अख्खी बाजार समिती त्याच्या ओळखीची. जड काय गेलं? एखाद्या शेतकऱ्यानं "इथं बंद पडतंय" म्हणून फोन केला की त्याच आवृत्तीचा, त्याच आकाराचा फोन लॅपटॉपवर उभा करून चूक शोधणं.

आता प्रोसेसरच्या नावांकडे येऊ, कारण खोक्यावरचं सगळ्यात मोठं अक्षर तेच असतं. गिऱ्हाइकाला 'आय ५' आणि 'रायझेन ५' एवढंच माहीत आहे हे तुम्ही ओळखलंत, आणि त्या अज्ञानावर धंदा उभा केलात. इंटेलच्या सातव्या पिढीतला आय ७-७५००यू दोन कोअरचा होता, आठव्या पिढीतला आय ५-८२५०यू चार कोअरचा. म्हणजे सात हा आकडा बघून जास्त पैसे मोजणाऱ्याच्या हाती निम्मे कोअर आले. एएमडीच्या २०२३ पासूनच्या ७००० मालिकेत तर नंबरातला तिसरा आकडा बघावा लागतो. ७५२०यू मधला २ म्हणजे झेन २, ७५३०यू मधला ३ म्हणजे झेन ३, ७५४०यू मधला ४ म्हणजे झेन ४. झेन २ ही रचना २०१९ सालची आहे. ७५२०यू ला चार कोअर, बाकी दोघांना सहा. शिवाय ७५२०यू फक्त एलपीडीडीआर५ रॅम घेतो, म्हणजे तो ज्या लॅपटॉपमध्ये असेल तिथं रॅम सोल्डर केलेली असणार हे आधीच ठरलेलं. तिघांनाही दुकानाच्या पाटीवर एकच नाव: रायझेन ५. नंबर लावण्याची पद्धत कंपनीनं जाहीर केलेली आहे, हे मला मान्य. ती गिऱ्हाइकापर्यंत पोचवण्याची जबाबदारी तुमची होती. तुम्ही पाटीवरून नेमका तो नंबर गाळलात.

साठवणीचंही तेच. '१२८ जीबी स्टोरेज' एवढं मोठ्यानं लिहायचं आणि ते ईएमएमसी आहे हे शेवटच्या पानावर. ईएमएमसी ५.१ ची कमाल मजल सेकंदाला ४०० एमबीच्या आसपास. साधी पीसीआयई ३ ची चांगली एनव्हीएमई एसएसडी ३,००० च्या पुढे जाते. ग्रेडल हजारो बारक्या फायली वाचतं-लिहितं, त्यामुळे हा फरक दर बिल्डला जाणवतो. काही लॅपटॉप विंडोजच्या एस मोडमध्ये येतात. त्यात फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधली अ‍ॅप चालतात, म्हणजे अँड्रॉइड स्टुडिओ बसतच नाही. तो मोड फुकटात काढता येतो, पण हे सांगायला दुकानात कुणी नसतं. घरी नेलेला लॅपटॉप 'बिघडलेला' समजून परत आणणारी माणसं मी पाहिली आहेत.

सोल्डर करण्यालाही कारण असतं, हे मी जाणतो. एलपीडीडीआरला वीज कमी लागते, बॅटरी जास्त टिकते, जाडी कमी होते. एक किलोचा, बोटभर जाडीचा महागडा लॅपटॉप कुणी घेतला आणि त्यात रॅम सोल्डर असली, तर त्याला तो सौदा माहीत असतो आणि तो सुरुवातीलाच १६ किंवा ३२ जीबी घेऊन ठेवतो. तुमचा लॅपटॉप १५.६ इंची आहे, प्लॅस्टिकचा आहे, आत रिकामी जागा आहे. तिथं स्लॉट न ठेवण्याचं कारण जाडी नाही. एका कनेक्टरचे पैसे वाचतात, आणि दोन वर्षांनी तोच माणूस नवा लॅपटॉप घ्यायला परत येतो. छंदी माणूस एकदम मोठा होत नाही. आधी फोन जोडून काम भागवतो, मग एम्युलेटर लागतो, मग दोन एम्युलेटर लागतात. त्याच्या यंत्राला त्याच्याबरोबर पायरी-पायरीनं वाढता आलं पाहिजे. जिनाच न ठेवलेलं घर 'पुढं वर मजला चढवा' म्हणून विकणाऱ्या बिल्डरला लोक काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हाला वेगळं काही म्हणण्याचं कारण मला दिसत नाही.

रॅम महाग झाली, असंही तुम्ही म्हणाल. झाली आहे. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी इतकी वाढवली की २०२५ च्या अखेरीपासून भाव भडकले, आणि मायक्रॉननं त्या डिसेंबरमध्ये क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करणार असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी ८ जीबी देणं मी समजू शकतो. पण भाव चढे असताना तर रिकामा स्लॉट जास्तच हवा. आज आठावर भागवेल, भाव उतरले की माणूस आठ घालेल. रॅम कमी देणं ही तुमची अडचण असेल. पुढं वाढवण्याची वाट बंद करणं ही तुमची निवड आहे.

आणि ही निवड लपवणं हा कायद्याचा प्रश्न आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या व्याख्येत महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणंही येतं. मालाचा दर्जा, प्रमाण, क्षमता यांची माहिती मिळणं हा त्याच कायद्यानं ग्राहकाला दिलेला हक्क आहे. रॅम वाढते की नाही ही महत्त्वाची माहिती नाही, असं तुम्ही कुठल्या तोंडानं म्हणणार? फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण छापावे लागतात. यंत्र उघडणं किती सोपं, सुटे भाग मिळतात का, याचे गुण. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं आणि २०२४ मध्ये असाच निर्देशांक आणण्यासाठी समिती नेमली. हे सक्तीचं होईल तेव्हा तुम्ही सगळ्यात आधी छापाल, कारण नाइलाज असेल. आज, सक्ती नसताना, खोक्यावर चार ओळी छापा: रॅम सोल्डर की स्लॉट, कमाल किती घालता येते, स्टोरेज एसएसडी की ईएमएमसी आणि ते बदलता येतं का, प्रोसेसरचा पूर्ण नंबर. शाई तेवढीच लागेल. त्या ओळी वाचून कुणी माल घेणार नाही अशी भीती तुम्हाला वाटत असेल, तर मालात काय खोट आहे ते तुम्हाला माझ्या आधीपासून माहीत आहे.

हे पत्र खुलं आहे, तेव्हा आता तुम्हाला बाजूला ठेवून वाचणाऱ्यांशी बोलतो.

अ‍ॅप तपासण्यासाठी स्वस्त लॅपटॉप शोधत असाल तर प्रोसेसरपासून सुरुवात करू नका, रॅमपासून करा. १६ जीबी मिळत असेल तर घ्या. परवडत नसेल तर ८ जीबी आणि एक रिकामा स्लॉट असलेला घ्या. त्यात पुढं आठ घातले की रॅम दोन मार्गांनी (ड्युअल चॅनल) चालते आणि ग्राफिक्सही सुधारतं. माहितीपत्रकात 'एलपीडीडीआर' दिसलं की स्वस्त लॅपटॉपमध्ये ती सोल्डर केलेली आहे असंच धरा. नुसतं डीडीआर४ किंवा डीडीआर५ लिहिलं असेल तरी स्लॉट असेलच असं नाही. दुकानात मांडलेल्या लॅपटॉपवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा, तिथं किती स्लॉट वापरात आहेत आणि फॉर्म फॅक्टर काय ते दिसतं. 'एसओडीआयएमएम' असेल तर रॅम बहुधा काढता-घालता येते. 'रो ऑफ चिप्स' असेल तर ती बोर्डावर डकवलेली आहे. त्याच ठिकाणी सीपीयूवर गेलात तर व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का तेही दिसेल. बंद असेल तर बायोसमध्ये चालू करता येतं. ते बंद असताना एम्युलेटर चालवू पाहणं म्हणजे स्वतःला छळणं. घरी येऊन कंपनीच्या संकेतस्थळावरची सर्व्हिस पुस्तिका जरूर बघा, लॅपटॉप घेण्याआधी. त्या पुस्तिकेत दुरुस्तीवाल्यासाठी खरं लिहिलेलं असतं.

नव्याचाच हट्ट नसेल तर माझा स्पष्ट सल्ला रिफर्बिश्डचा आहे. कंपन्यांनी वापरून काढलेले थिंकपॅड टी४८०, लॅटिट्यूड ७४९०, एलिटबुक ८४० जी५ हे लॅपटॉप मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, दिल्लीत नेहरू प्लेसला आणि आता बऱ्याच जिल्ह्यांच्या गावी मिळतात. तिघांतही रॅमचे दोन स्लॉट आहेत, आठव्या पिढीचा प्रोसेसर मिळतो, एसएसडी बदलता येते. आठव्या पिढीच्या खाली मात्र उतरू नका. त्याआधीचे प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत जवळजवळ नाहीतच, आणि विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बॅटरी तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी' हा आदेश बॅटरीरिपोर्टच्या पर्यायासह चालवला की बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी-शेजारी दिसतात. बायोसला आधीच्या कंपनीचा पासवर्ड नाही ना, तेही सुरू करून बघा. लिनक्सशी ओळख असेल तर तेच टाका. विंडोजपेक्षा कमी रॅम खातं, आणि एम्युलेटरला वेग देणारं केव्हीएम त्यात आयतं मिळतं.

आयफोनसाठी अ‍ॅप करायचं मनात असेल तर एक्सकोड फक्त मॅकवर चालतं आणि अ‍ॅपलचं डेव्हलपर खातं वर्षाला ९९ डॉलरचं आहे. गूगलचं एकदाच २५ डॉलर. छंद म्हणून सुरुवात अँड्रॉइडवर करा. कोड सर्वांसाठी खुला ठेवणार असाल तर गिटहबच्या मॅक यंत्रांवर फुकटात बिल्ड करून पाहता येतं.

ज्यांनी आधीच सोल्डर केलेला ८ जीबीचा लॅपटॉप घेतला आहे त्यांनी काम थांबवू नये. फोन जोडून तपासा, स्टुडिओमधली नको ती प्लगइन बंद करा, नवी आवृत्ती बघायची असेल तेवढ्यापुरतं गूगलच्या फायरबेस टेस्ट लॅब या ऑनलाइन सेवेकडे जा, तिथं रोज काही चाचण्या मोफत मिळतात. आमच्या अडत दुकानातल्या मुलानं तसंच केलं. बुडालेलं बटण तळाच्या नॅव्हिगेशन पट्टीच्या वर आणलं. त्याचं अ‍ॅप बंद चाचणीत आहे आणि शेतकरी ते वापरत आहेत.

आणि जो अजून दुकानात जायचा आहे, त्यानं एवढं करावं. "रॅम वाढवता येते" हे वाक्य मॉडेलच्या पूर्ण नंबरासह बिलावर लिहून घ्या. लिहून देऊन नंतर खोटं निघालं तर ते बिल तुमचा पुरावा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही. दुकानदार लिहून द्यायला तयार नसेल, तर पैसे खिशात ठेवा आणि बाहेर पडा.

एक संगणक शिक्षक, बार्शी